रुग्णाचा औषध-इतिहास आणि रुग्णालयीन औषधनिर्माता : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी काही विचार

रुग्णाला कोणते औषध द्यावे, कोणत्या मात्रेत द्यावे आणि कोणत्या अनुपानासह द्यावे, याविषयी आपल्या संहितांत सविस्तर विचार झालेला आहे. आपल्या परिषदांतून व नियतकालिकांतूनही या विषयांवर सातत्याने चर्चा होते. परंतु रुग्ण आपल्याकडे येण्यापूर्वी कोणकोणती औषधे घेत होता, त्यांपैकी कोणती चालू आहेत, कोणती त्याने आपणहून बंद केली आणि कोणत्या औषधाने त्यास पूर्वी त्रास झाला, याची व्यवस्थित लेखी नोंद कोणी व कशी ठेवावी, या प्रश्नाकडे आपले म्हणावे तितके लक्ष गेलेले नाही. आधुनिक रुग्णालयांत हे काम प्रशिक्षित औषधनिर्मात्याकडे सोपविण्याची पद्धत आता रूढ होत आहे. ती पद्धत काय आहे, तिचा आपल्या शास्त्राशी काय संबंध आहे आणि आपल्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांत ती कशी राबविता येईल, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

औषध-इतिहास म्हणजे काय?

औषध-इतिहास म्हणजे केवळ मागील चिठ्ठीची नक्कल नव्हे. चिठ्ठीवर जे लिहिलेले असते ते वैद्याने सुचविलेले असते. रुग्ण प्रत्यक्षात जे घेतो ते पुष्कळदा निराळे असते. चिठ्ठीत दोन वेळा सांगितलेली गोळी रुग्ण एकदाच घेतो, महाग औषध अर्धे तोडून घेतो, शेजाऱ्याला गुण आलेले चूर्ण स्वतःही सुरू करतो आणि 'ते काही औषध नाही, आयुर्वेदिक आहे' असे समजून डॉक्टरांना सांगत नाही. म्हणून औषध-इतिहासात पुढील सर्व गोष्टींचा समावेश होतो : चिठ्ठीवरील औषधे, दुकानातून परस्पर घेतलेली औषधे, वैद्यांकडील चूर्णे, गुटी, काढे, आसवारिष्टे व भस्मे, घरगुती उपाय, डोळ्यांचे थेंब, श्वासावाटे घ्यावयाची औषधे, इंजेक्शने, मलमे, गर्भनिरोधक गोळ्या, जीवनसत्त्वे, तसेच तंबाखू, मिश्री व मद्य यांची सवय. याखेरीज पूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी आली, हे स्वतंत्रपणे लिहावे लागते.

हा इतिहास किमान दोन ठिकाणांहून पडताळून घ्यावा, असा संकेत आहे. रुग्णाचे बोलणे हे एक साधन. सोबत आणलेल्या पट्ट्या, बाटल्या, पुड्या, जुने कागद, नातेवाईक, औषधविक्रेता किंवा पूर्वीचे डॉक्टर यांपैकी कोणतेही एक हे दुसरे साधन. दोन्हींचा मेळ बसला म्हणजे ती यादी विश्वासार्ह मानावयाची. त्यानंतर ही यादी आणि रुग्णालयात नव्याने लिहिलेली औषधे शेजारी शेजारी ठेवून काय राहिले, काय दुबार झाले, काय परस्परांस बाधक आहे, हे पाहावयाचे. रुग्ण दाखल होताना, एका विभागातून दुसऱ्या विभागात जाताना आणि घरी जाताना, अशा तिन्ही वेळी ही तुलना करणे इष्ट असते.

शास्त्राधार

हा विचार आपल्याला परका नाही. वाग्भटाने रुग्णपरीक्षेची दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी तीन साधने सांगितली. त्यांतील प्रश्नपरीक्षेचाच औषध-इतिहास हा एक भाग होय. निदानपंचकातील उपशय-अनुपशयाचा विचार तर पूर्वी घेतलेल्या औषधान्नविहाराची माहिती असल्याखेरीज पूर्ण होतच नाही. चरकाने विमानस्थानात सांगितलेल्या दशविध परीक्षेत सात्म्याचा समावेश आहे. वर्षानुवर्षे एखादे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ते औषधही त्याच्या सात्म्याचा भाग झालेले असते आणि ते एकाएकी काढून घेणे अपायकारक ठरू शकते. सूत्रस्थानात वर्णन केलेल्या अठरा प्रकारच्या विरुद्धांत संयोगविरुद्ध आहे, क्रमविरुद्ध आहे आणि अवस्थाविरुद्धही आहे. दोन औषधे स्वतंत्रपणे हितकर असूनही एकत्र आल्यास अहितकर होऊ शकतात, ही कल्पना आपल्या परंपरेत पूर्वीपासून रुजलेली आहे. फरक इतकाच की, आजच्या रुग्णाच्या पोटात जाणाऱ्या द्रव्यांची यादी चरकाच्या काळापेक्षा कितीतरी लांब झाली आहे.

चिकित्सेच्या चार पादांत भिषक, द्रव्य, उपस्थाता व रोगी यांची गणना होते. द्रव्याचे ज्ञान असलेला आणि रुग्णाशी बोलणारा रुग्णालयीन औषधनिर्माता हा द्रव्य व उपस्थाता या दोन पादांना जोडणारा दुवा आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मुंबईतील दोन उदाहरणे

या विषयाचे महत्त्व पटावे म्हणून आपल्या राज्यातीलच दोन प्रकरणे पाहू.

पहिले प्रकरण शंखपुष्पीचे. अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांत झटक्यांवरील नियंत्रण सुटल्याचे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञांच्या लक्षात आले. हे रुग्ण फेनिटॉइनसोबत शंखपुष्पीचे सिरप घेत होते. त्यानंतर उंदरांवर प्रयोग करण्यात आले. एकाच मात्रेने रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण बदलले नाही, तरी त्याचा झटके रोखण्याचा परिणाम मात्र घटला. पाच दिवस दोन्ही औषधे एकत्र दिल्यावर रक्तातील प्रमाणही खाली आले. हे संशोधन १९९२ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या प्रकरणातून दोन बोध मिळतात. पहिला असा की, रुग्णाच्या आहारातील व औषधांतील इतर गोष्टींची चौकशी झाली नसती, तर झटके वाढण्याचे खापर गोळी चुकविण्यावर किंवा रोगाच्या स्वभावावर फोडून डॉक्टरांनी फेनिटॉइनची मात्रा वाढवून टाकली असती. दुसरा बोध आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे : ते सिरप एकट्या शंखपुष्पीचे नसून अनेक वनस्पतींचे मिश्रण होते. म्हणजे नोंदवहीत 'शंखपुष्पी' एवढेच लिहून भागत नाही. उत्पादनाचे नाव, उत्पादक व घटकद्रव्ये यांचीही नोंद हवी.

दुसरे प्रकरण अलीकडचे आहे. कोविडच्या साथीत गुळवेलीचा वापर घरोघरी वाढला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात यकृतविकार झालेल्या सहा रुग्णांचा संबंध गुळवेलीच्या सेवनाशी असल्याचे मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीच्या घटकांचे विश्लेषण झालेले नाही आणि ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया नसून टिनोस्पोरा क्रिस्पा यांसारखी दिसायला सारखी अन्य जाती असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. या वादात कोणाची बाजू बरोबर, हा आजच्या लेखाचा विषय नाही. परंतु वाद ज्या मुद्द्यावर अडला तो मुद्दा नोंदीचा होता, हे लक्षात घ्यावे. रुग्णाने नेमके काय घेतले, ताजी वेल की तयार गोळी, वेल कोठून आणली, काढा किती मात्रेत व किती दिवस घेतला, सोबत आणखी काय चालू होते, याची तपशीलवार नोंद व शक्य तेथे नमुना जपून ठेवलेला असता, तर सत्य लवकर हाती आले असते. गुळवेल निर्दोष असेल तर तिचा बचाव नोंदीनेच होईल. आणि विशिष्ट प्रकृतीच्या अथवा यकृतविकाराच्या रुग्णांत ती जपून वापरावयाची असेल, तर तेही नोंदीनेच समजेल. नोंद नसली की आपल्या हाती उरते ती केवळ श्रद्धा आणि समोरच्याच्या हाती उरतो तो केवळ संशय.

याच प्रकारचे एक जुने उदाहरण ब्रिटनमधील आहे. क्लोरप्रोपामाइड घेणाऱ्या एका मधुमेही स्त्रीची लघवीतील साखर अनपेक्षितपणे कमी झाली. जेवणातील कारले हे त्याचे कारण असल्याचे १९७९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्याकडील कारल्याच्या रसाच्या रुग्णांना हे उदाहरण किती लागू पडते, हे वेगळे सांगावयास नको.

हे काम औषधनिर्मात्याकडे का?

रुग्ण दाखल होताना डॉक्टर वा वैद्य औषधांविषयी विचारतातच. मग स्वतंत्र व्यक्ती कशाला, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. कॅनडातील टोरांटो येथील एका रुग्णालयाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५१ रुग्णांची दाखल होतानाची औषधे तपासण्यात आली. त्यांपैकी ५३.६ टक्के रुग्णांत किमान एक अनवधानाने झालेली विसंगती आढळली आणि सर्वाधिक आढळलेला प्रकार म्हणजे रुग्ण नियमित घेत असलेले औषध लिहावयाचेच राहून जाणे. हे सर्व सुसज्ज रुग्णालयात घडले. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वैद्याचे लक्ष प्रथम लक्षणांकडे व निदानाकडे असते आणि ते तसेच असले पाहिजे. औषधांची बारीकसारीक चौकशी ही शांतपणे बसून, पट्टी हातात घेऊन, नाव व शक्ती वाचून करावयाची गोष्ट आहे.

औषधनिर्मात्याला एकाच घटकाची निरनिराळी व्यापारी नावे ठाऊक असतात. एका डॉक्टरांनी एका नावाने आणि दुसऱ्यांनी दुसऱ्या नावाने लिहिलेली एकच रक्तदाबाची गोळी रुग्ण दोनदा घेत असल्याचे त्याच्याच ध्यानात लवकर येते. शिवाय अनेक रुग्ण डॉक्टरांसमोर संकोचाने जे लपवितात ते औषधांच्या खिडकीशी सहज बोलून जातात.

मर्यादाही स्पष्ट असावी. औषधनिर्मात्याने माहिती गोळा करावी, पडताळावी, शंका लेखी कळवावी. औषध बदलण्याचा वा थांबविण्याचा निर्णय चिकित्सकाचाच राहील. ही सीमारेषा पाळली तर दोघांच्याही अधिकारास बाध येत नाही.

कायदा व धोरण

औषधनिर्माण व्यवसाय कायदा १९४८ चा. त्याअंतर्गत २०१५ साली आलेल्या औषधनिर्माण व्यवसाय विनियमांनी औषधनिर्मात्यावर रुग्णाला समुपदेशन करण्याची व रुग्णाच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी टाकली. २०२१ च्या दुरुस्तीने रुग्णालयात काम करणाऱ्या क्लिनिकल फार्मासिस्टला नियमांत स्थान मिळाले. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत २०१३ साली अनुसूची 'एच-१' समाविष्ट झाली. तीतील औषधे विकताना चिठ्ठी देणाऱ्याचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व दिलेले प्रमाण यांची स्वतंत्र वही ठेवावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. ही वही प्रामाणिकपणे ठेवणारा विक्रेता हा त्या रुग्णाच्या औषध-इतिहासाचा मोलाचा साक्षीदार असतो.

आयुर्वेदीय औषधांच्या बाबतीत परिस्थिती निराळी आहे. उत्पादनासाठी परवाना लागतो, परंतु किरकोळ विक्रीसाठी परवान्याची अट नाही. अनुसूची 'ई-१' मधील विषद्रव्ये असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावयाचे असल्याची सूचना असते, पण ती सूचना पाळली गेली की नाही हे लिहिण्याची व्यवस्था विक्रीच्या ठिकाणी क्वचितच असते. जेथे कायद्याची सक्ती नाही तेथे व्यवसायाच्या शिस्तीने ती उणीव भरून काढणे, हे आपले काम आहे.

औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीसाठी आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांचा राष्ट्रीय औषधसतर्कता कार्यक्रम २००८ साली जामनगर येथून सुरू झाला. २०१७-१८ पासून त्याची नव्याने उभारणी होऊन राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आले. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०१७ मध्ये औषधांमुळे होणारा टाळण्याजोगा गंभीर अपाय पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. या सर्व योजनांचा पाया एकच आहे : रुग्णाने काय घेतले हे प्रथम माहीत असले पाहिजे.

नोंद कशी घ्यावी?

'काही औषध चालू आहे का?' या प्रश्नाला बहुतेक वेळा 'नाही' असेच उत्तर मिळते. म्हणून प्रश्न सुटे सुटे व रुग्णाच्या भाषेत विचारावेत. पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१) सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय घेता, ते क्रमाने सांगा.
२) बी.पी., साखर, थायरॉईड, हृदय, दमा, फिट्स, सांधे, मानसिक आजार यांपैकी कशासाठी गोळी आहे का? (प्रत्येक आजाराचे नाव स्वतंत्रपणे घ्यावे.)
३) वैद्यांकडील पुडी, काढा, चाटण, आसव, तेल, लेप चालू आहे का? कोणत्या वैद्यांकडील?
४) जाहिरात पाहून, बाजारातून किंवा कोणी दिले म्हणून काही घेता का?
५) आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदाच घ्यावयाचे काही औषध किंवा इंजेक्शन आहे का?
६) गेल्या तीन महिन्यांत कोणते औषध बंद केले? कोणी सांगितल्यावरून आणि का?
७) कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठणे, सूज, दम लागणे, चक्कर, उलटी असा त्रास झाला?
८) तंबाखू, मिश्री, मद्य यांची सवय आहे का?

प्रत्येक औषधापुढे नाव, शक्ती, मात्रा, औषधकाल, अनुपान, कधीपासून, शेवटची मात्रा केव्हा घेतली आणि माहिती कोणाकडून मिळाली, अशा आठ बाबी लिहाव्यात. सुश्रुताने सांगितलेले दहा औषधकाल ही येथे केवळ परीक्षेपुरती गोष्ट नसून प्रत्यक्ष उपयोगाची आहे. थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि त्याच वेळी लोहयुक्त मंडूराचा कल्प दिला गेला, तर लोहामुळे थायरॉक्सिनचे शोषण घटते. दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे. वेळ लिहिलेली असेल तरच हे दिसून येते. कल्प आयुर्वेदीय असल्यास उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक आवर्जून लिहावा. एखाद्या औषधात शिसे किंवा अन्य भेसळ आढळल्यास दोष त्या विशिष्ट बॅचचा की संपूर्ण कल्पाचा, हे त्यावरूनच ठरते. अन्यथा एका उत्पादकाच्या निष्काळजीपणाची शिक्षा सबंध रसशास्त्राला होते.

कोणाला प्राधान्य द्यावे?

प्रत्येक रुग्णासाठी इतका वेळ देणे शक्य होणार नाही, हे मान्य. म्हणून पाच किंवा अधिक औषधे घेणारे, साठीपुढील, यकृत वा मूत्रपिंडाचे विकार असलेले, गर्भिणी व स्तनदा, शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि पंचकर्मापूर्वीचे रुग्ण प्रथम घ्यावेत. तसेच पुढील औषधे आढळल्यास यादी वैद्यासमोर तत्काळ ठेवावी.

रक्त पातळ ठेवणारी औषधे : वॉर्फरिन, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल. जलौकावचरण, सिरावेध किंवा कोणतीही शस्त्रक्रिया यांपूर्वी ही चौकशी अपरिहार्य आहे. परंतु ती औषधे आपण परस्पर थांबवू नयेत. हृदयात स्टेंट बसविलेल्या रुग्णात तसे करणे प्राणघातक ठरू शकते.

फेनिटॉइन : शंखपुष्पीचे उदाहरण वर आलेच आहे. याउलट पिंपळी-मिरीतील पायपरीन हे फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन यांचे रक्तातील प्रमाण वाढवू शकते. त्रिकटूचा योगवाही गुण आधुनिक परिभाषेत अशा रीतीने दिसून येतो आणि त्यामुळेच तो गुण जसा उपकारक तसाच अनपेक्षित वेळी अपायकारक.

डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल : गुग्गुळाच्या अर्कामुळे या दोहोंचे रक्तातील प्रमाण घटते, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात निरोगी व्यक्तींमध्ये आढळले.

साखरेच्या गोळ्या व इन्शुलिन : मधुनाशिनी, कारले यांसोबत साखर वाजवीपेक्षा खाली जाण्याचा धोका, विरेचनाच्या दिवशी अन्न नसताना नेहमीची मात्रा घेतल्यास तो अधिक. उलटपक्षी अवलेह, सिरप व आसवारिष्टे यांतील गूळ-साखर विसरू नये.

डायसल्फिराम : व्यसनमुक्तीसाठी हे औषध घेणाऱ्यास आसवारिष्टे देऊ नयेत, त्यांतील स्वयंजनित मद्यार्क तीव्र प्रतिक्रिया उत्पन्न करण्यास पुरेसा असतो.

स्टेरॉइड : दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबविल्यास जिवावर बेतू शकते. सांधेदुखीवर किंवा दम्यावर 'जडीबुटीची' म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी भुकटीने तत्काळ आराम पडत असेल, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी.

एक नमुना

समजा, आषाढी वारीत माऊलींची पालखी वेळापूर मुक्कामी आहे आणि मराठवाड्यातील पासष्ट वर्षांचे एक वारकरी हातापायांतील शक्ती गेल्याची व छातीत धडधडत असल्याची तक्रार घेऊन येतात. चालण्याचे श्रम, ऊन, अपुरे पाणी, असे कारण सहज सुचते आणि बहुधा ओआरएस व विश्रांती असा सल्ला दिला जातो. परंतु औषधनिर्मात्याने त्यांची पिशवी उघडून यादी केली तर पुढील चित्र दिसते. डिगॉक्सिन ०.२५ मि.ग्रॅ., रोज एक, तीन वर्षे (पट्टी पाहिली). फ्युरोसेमाइड ४० मि.ग्रॅ., रोज एक, तीन वर्षे (पट्टी पाहिली). खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा घट्ट काढा, दिवसातून तीनदा, बारा दिवस (रुग्ण व सोबती यांनी सांगितले).

आता विचाराची दिशाच बदलते. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम मूत्रावाटे जाते. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिन अधिक प्रमाणात व सलग घेतल्यास पोटॅशियम आणखी खाली आणते व सोडियम साठवून रक्तदाब वाढविते. पोटॅशियम कमी झाले की डिगॉक्सिनची विषबाधा नेहमीच्या मात्रेतही होऊ शकते. या रुग्णाला काढा थांबवून तातडीने ईसीजी व रक्ततपासणीसाठी रुग्णालयात पाठविणे आवश्यक आहे. केवळ विश्रांतीचा सल्ला त्याच्या जिवावर बेतू शकतो. यातील एकही औषध वाईट नाही आणि एकाही चिकित्सकाने चुकीचे औषध दिलेले नाही. तिन्ही गोष्टी एका कागदावर कोणी लिहिल्या नव्हत्या, एवढाच काय तो दोष.

वारीचे उदाहरण घेतले ते गोष्ट ठळक व्हावी म्हणून. एरवीही आपल्या भागातील रुग्ण गावातील डॉक्टर, अकलूजचे तज्ज्ञ, पंढरपूर-सोलापूरचे रुग्णालय आणि पुण्याची तपासणी असा प्रवास करीतच असतो. साखर कारखान्यांच्या हंगामात येणारे ऊसतोड मजूर तर दर काही महिन्यांनी जिल्हाच बदलतात. या सर्वांच्या बाबतीत कागद रुग्णाबरोबर फिरला पाहिजे.

आपल्याकडून काय अपेक्षित आहे?

रुग्णालयातील औषधनिर्माता कितीही दक्ष असला, तरी आपण दिलेल्या कागदाच्या पुडीवर काहीच लिहिलेले नसेल तर तो नोंदवहीत 'पांढरे चूर्ण, नाव अज्ञात' याखेरीज काय लिहिणार? आपल्या व्यवसायात योगाची गुप्तता राखण्याची जुनी परंपरा आहे आणि तिच्यामागे गुरुपरंपरेचा आदर तसेच व्यवसायाचे हितही आहे. परंतु रुग्ण अत्यवस्थ होऊन अन्य रुग्णालयात दाखल झाला असता त्याच्या पुडीत काय आहे हे तेथील चिकित्सकास कळणे, हा रुग्णाचा हक्क गुप्ततेपेक्षा श्रेष्ठ आहे. नाव, घटक व दिनांक लिहिण्याने वैद्याचे कौशल्य कोणी चोरून नेत नाही. कौशल्य युक्तीत असते, पुडीत नव्हे. चरकाने अज्ञात औषधाची तुलना विष, शस्त्र व अग्नी यांच्याशी केली आहे. आपल्याला ज्ञात असलेले औषध दुसऱ्या चिकित्सकासाठी अज्ञात राहावे, अशी व्यवस्था आपणच करू नये.

वैद्यांसाठी सूचना : प्रत्येक रुग्णास औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी द्यावी, पुडीवर वा डबीवर नाव, मात्रा व दिनांक लिहावा, पहिल्या भेटीस सर्व औषधे पिशवीत घालून आणण्यास सांगावे, पंचकर्माच्या संमतिपत्रासोबत औषधांची यादी जोडावी, आधुनिक औषध कमी करावयाचे झाल्यास ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी लेखी संपर्क साधावा.

औषधविक्रेत्यांसाठी सूचना : नियमित ग्राहकांची एक साधी वही किंवा संगणकीय नोंद ठेवावी, आयुर्वेदीय कल्प देताना 'दुसरे काय चालू आहे?' हा एक प्रश्न विचारावा. बिलावर कल्पाचे पूर्ण नाव व बॅच क्रमांक छापावा. शंका आल्यास वैद्यास दूरध्वनी करावा. ही माहिती खासगी आहे, ती दुकानात मोठ्याने बोलण्याची किंवा इतरांना सांगण्याची नव्हे, याचे भान कर्मचाऱ्यांनाही द्यावे.

रुग्णालये चालविणाऱ्या सभासदांसाठी सूचना : औषधनिर्मात्यास केवळ खिडकीमागे न बसविता दिवसातून ठरावीक वेळ आंतररुग्ण कक्षात पाठवावे, वर दिलेला नमुना छापून प्रत्येक रुग्णपत्रिकेच्या अग्रभागी लावावा. आयुष्मान भारत डिजिटल अभियान सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले असून त्यातील चौदा अंकी आभा क्रमांकाला रुग्णाच्या नोंदी जोडता येतात. ज्यांना ते शक्य आहे त्यांनी अवश्य करावे. परंतु संगणक येण्याची वाट पाहत कागद थांबवू नये. रुग्णाच्या खिशातील एक जाड कार्डही पुष्कळ काम करते.

समारोप

आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांची औषधे आज एकाच रुग्णाच्या शरीरात एकत्र येत आहेत. ती एकत्र येऊ नयेत असे आपल्याला वाटो वा न वाटो, वस्तुस्थिती तीच आहे. त्यांची भेट आपल्या नजरेआड होऊ द्यावयाची की लेखी नोंदीच्या प्रकाशात, एवढाच निर्णय आपल्या हाती आहे. नोंद ठेवल्याने रुग्णाचे रक्षण होते. आपल्या कल्पांचे खरे गुण सिद्ध करण्यास पुरावा मिळतो. आणि जेथे सावधगिरी हवी तेथे ती इतरांनी दाखवून देण्यापूर्वी आपल्याला समजते. आपल्या संघटनेच्या सभासदांनी येत्या तिमाहीत आपापल्या चिकित्सालयात किमान साठीपुढील रुग्णांची औषध-यादी करण्यास आरंभ करावा आणि त्यांत जे आढळेल ते या नियतकालिकाकडे रुग्णाचे नाव वगळून पाठवावे, अशी विनंती करून हा लेख पूर्ण करतो.